नाव घातलेले तीन डबे

नोकरीतली कितीतरी प्रकरणं जुनी डायरी उघडल्याशिवाय आठवत नाहीत. हे एक मात्र मला डायरीशिवाय, टेबलावर काय काय ठेवलं होतं त्यासकट आठवतं. नावं कुणाची घेणार नाही. ज्यांनी केलं त्यांनी ते भोगलं आहे, आणि ज्यांच्यावर बेतलं होतं त्यांना माझ्याकडून प्रसिद्धीची गरज नाही.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. ज्याच्या त्याच्या खिशात नव्या राजधानीच्या जमिनीचा नकाशा. मी तेव्हा भनपुरीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो; आमच्याकडे त्याला टीआय म्हणतात. हद्दीत कारखाने, ट्रकांच्या रांगा आणि धूळ. डिझेलचोरी, भंगारचोरी आणि पगाराच्या दिवशीची मारामारी, एवढ्यावर आमचा रोजनामा भरायचा. शेअर आणि डिव्हिडंड हे शब्द त्यात कधी आले नव्हते.

एका सकाळी हजेरी घेऊन बसतो न बसतो तोच बाहेर आमच्या मुन्शीचा, म्हणजे ठाण्याचे कागद सांभाळणाऱ्या हवालदाराचा आवाज चढला. "अम्मा, ये दीवानी मामला है, कोर्ट जाओ."

त्याच्याहून चढा आवाज आला, "कोर्टात जाईन जी! पण पहिले तुमच्या साहेबाले सांगून जाईन!"

आमची भाषा ऐकली आणि मी दोघींना आत बोलावलं. दोघी म्हणजे साठीच्या एक काकू आणि त्यांची नोकरी करणारी मुलगी. काकू मूळच्या भंडाऱ्याकडच्या, राहायला बीरगावात. त्यांचे यजमान भनपुरीच्या एका लोखंडाच्या कारखान्यात पहिल्या भट्टीपासून हेडमिस्त्री. कारखाना काढताना मोठ्या शेठजींकडे पगाराला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी मिस्त्रींना कंपनीचे शेअर दिले. शंभरातले आठ. पुढे शेठजी गेले, त्यांच्या दोन मुलांना शेहेचाळीस-शेहेचाळीस मिळाले. मग मिस्त्रीही गेले.

"आता धाकटे शेठ म्हणून राहिले, का तुमच्या माणसानं ते हिस्से जिवंतपणीच मले विकले," काकू म्हणाल्या. "साहेब, हा माणूस मले विचारल्याशिवाय पायातली चप्पल बी घेत नव्हता. अन् हिस्से विकन?"

मुलगी खाली मान घालून म्हणाली, "मम्मी, चलो ना. बेच दिए होंगे बाबा ने. पीने में उड़ा दिए होंगे."

मिस्त्री घ्यायचे, हे खरं होतं. काकूंनी ते नाकारलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "ऐकलं साहेब? मले पैसा नाही पाहिजे. आपल्या बापासाठी ह्या पोट्टीच्या तोंडून जे निघालं, ते तिले वापस घ्यायला लावा. बस."

मी विचारलं, काही लेखी आहे का? शेअरचे मूळ कागद धाकट्या शेठनेच नेले होते, 'काकी, तुमच्या नावावर करून देतो' म्हणून. पावती नाही. "दर विश्वकर्मा पूजेले डबा यायचा," काकू म्हणाल्या, "ह्या साली तोही नाही आला." मी कागदांचं लिहून घेतलं. डब्याचं वाक्य लिहिलंच नाही. ठाणेदाराच्या खुर्चीत बसलं की बाईमाणसाच्या बोलण्यातून भांडीकुंडी गाळून टाकायची खोड लागते. त्या खोडीपायी माझे दोन महिने गेले.

अर्ज चौकशीवर ठेवला. कंपनीकडून कागद मागवले, तर शेअर विकल्याचा फॉर्म हजर! मिस्त्रींची सही, दोन साक्षीदार, आणि तारीख मिस्त्रींना लकवा मारण्याच्या बरोबर एक महिना आधीची. लकव्यानंतर त्यांचा उजवा हात गेला तो गेलाच. दोन वर्षं अंथरुणावर काढून ते वारले. सहीचा फॉर्म आणि नमुने तज्ज्ञाकडे पाठवले. उत्तर आलं की तुलनेसाठी सह्या पुरेशा नाहीत. आयुष्यभर हातोडा चालवणारा माणूस सह्या करणार तरी किती आणि कुठे? मुन्शी माझ्याकडे बघून 'मी म्हणत नव्हतो का' असा चेहरा करू लागला.

अशात खबर आली. त्याच कारखान्याचा म्हातारा गेट-जमादार ठाण्यासमोरच्या टपरीवर चहा प्यायचा. मला बघून उठला आणि हळूच म्हणाला, "साहब, हमारे यहाँ ज़िंदगी में पहली बार मुनाफा बँटा है. और बैंक का लोन भी पहली बार आया है. बड़े शेठजी होते तो ये होता?"

साध्या टपरीवरच्या गप्पा. पण 'पहली बार' हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. मी धाकट्या शेठच्या थोरल्या भावाला जबाबासाठी बोलावलं.

थोरला सरळ माणूस, बोलायला भिडस्त. त्याने मला जे समजावलं, ते पोलीस प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. त्याचे वडील असेपर्यंत कंपनी म्हणजे तेच. नफा वाटायचा कशाला? त्यांना लागेल तेवढं पगारातून मिळायचं, उरलेलं भट्टीत जायचं. बाहेरचा भागीदार घेतला नाही, कारण मालकी पातळ होते. बँकेकडे गेले नाहीत, कारण बँक कारखाना गहाण मागते आणि हिशोबात नाक खुपसते. ते गेल्यावर दोन भाऊ बरोबरीत आले. धाकट्याला नव्या राजधानीत जमीन घ्यायची होती. त्यासाठी कारखान्यावर कर्ज काढा आणि साठलेला नफा वाटून टाका, असा त्याचा धोशा. थोरला म्हणायचा, आधी दुसरी भट्टी. मिस्त्री आधी अंथरुणावर, मग गेले, आणि काकूंच्या नावावर अजून काही झालेलं नाही. त्यामुळे शेहेचाळीसविरुद्ध शेहेचाळीस. ना कर्ज, ना डिव्हिडंड. दोन किल्ल्यांचं कुलूप म्हणा.

"मग उघडलं कसं?" मी विचारलं.

"उसने मीटिंग में कागज़ रख दिया, साहब. मिस्त्री चाचा के आठ मेरे पास हैं. चौवन हो गए."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

तो म्हणाला, "डिविडेंड का मेरा चेक भी आया था. रख लिया." खरं बोलल्याबद्दल मी त्याला मनातल्या मनात सलाम केला. हातात चेक पडला की माणसाचे प्रश्न आपोआप कमी होतात, हे मी नोकरीभर पाहिलं आहे.

त्या दिवशी मला प्रकरण समजलं. मी इतके दिवस सही खरी की खोटी एवढंच बघत होतो. बघायला हवं होतं ते हे, की फॉर्मवरची तारीख खरी असेल तर धाकट्याकडे तीन वर्षांपासून चौपन्न शेअर होते. मग जमिनीसाठी तळमळणारा माणूस तीन वर्षं थांबला कशाला? लगेच कर्ज काढलं असतं, लगेच नफा वाटला असता. म्हणजे शेअर त्याच्या हातात आत्ता आले आणि कागद मागच्या तारखेचा बनला. आमच्याकडच्या कंपन्यांची सरकारी नोंद तेव्हा ग्वाल्हेरच्या कार्यालयात असायची, तिथून माहिती काढली, तर कंपनीने हिस्सेदारांची नावं द्यायची तीन वर्षांची विवरणपत्रं थकवून ती सगळी आत्ता एकाच दिवशी भरलेली. वा रे पठ्ठ्या!

तर्क झाला. पुरावा नव्हता. आणि धाकटा पक्का होता. ठाण्यात आला तो वकिलाला घेऊन, परफ्यूम मारून. "मिस्त्रीजी को पैसों की ज़रूरत थी, मैंने नगद दे दिए. घर में नहीं बताया होगा. पीने वाले आदमी थे, आप तो समझते हैं." हे तो काकूंच्या मुलीसमोर आधीच बोलून बसला होता. मेलेल्या माणसाची बदनामी हाच त्याचा बचाव होता. सांगतो, त्या क्षणी मला त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. काढला नाही. चहा मागवला आणि जबाबावर सही घेतली.

त्याच आठवड्यात पुरवणी जबाबासाठी मी काकूंच्या घरी गेलो. दुपारची वेळ. काकूंनी चिवडा पुढे केला, डब्यासकट. "खा जी, घरचा हाय." मी मूठ भरली आणि डब्याच्या झाकणाकडे नजर गेली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत, त्यामुळे नाव असणारच. पण आहेराच्या भांड्यावर असतं तसं ते नव्हतं. मिस्त्रींचं पूर्ण नाव, खाली कंपनीचं नाव, विश्वकर्मा पूजा, आणि साल.

साल फॉर्मच्या तारखेनंतरचं होतं!

"काकू, हे डबे कोणाकोणाले मिळायचे?"

"हिस्सेदारायलेच फक्त. कामगारायले बुंदीचा पुडा अन् गमछा. मोठ्या शेठजींचा नियम होता. नफा नाही वाटला तरी हिस्सेदाराच्या घरी आपलं नाव गेलं पाहिजे म्हणत. मी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाले, डबा येत होता म्हणून. तुमचं ध्यानच कुठं होतं!"

मी असतील तेवढे सगळे डबे काढायला सांगितले. तीन डबे निघाले. दोन मिस्त्रींच्या आजारपणातले, त्यांच्या नावाचे. तिसरा ते गेल्यानंतरच्या पूजेचा, काकूंच्या स्वतःच्या नावाचा. पंचांसमोर पंचनामा करून तिन्ही जप्त केले. एकातला चिवडा काकूंनी कागदात बांधून माझ्याच हातात दिला.

डबे एकटे पुरले नसते. आदर म्हणून पाठवले, असं म्हणायला त्याला वाट होती. मी सदर बाजार गाठला. गर्दीतून जीप जाईना, शेवटी उतरून पायी. भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर मशीन घेऊन नावं घालणारा एक म्हातारा कारागीर बसतो, तो कारखान्याचं काम वर्षानुवर्षं करायचा. मी विचारलं, नावांची यादी कोण देतं? त्याने चष्मा कपाळावर चढवला. "कंपनी के कागज पे आता है साहब. नाम में गलती हो तो बर्तन मेरे माथे पड़ता है, इसलिए मैं चिट्ठी फेंकता नहीं." आणि त्याने खिळ्याला टोचलेली चिठ्ठ्यांची जुडी काढून दिली. कंपनीच्या लेटरहेडवर, प्रत्येक पूजेची वेगळी यादी. वर मथळा: हिस्सेदारों के डब्बे. खाली सही धाकट्याची! पूजेचा सगळा कारभार त्याच्याकडेच होता. मी त्या म्हाताऱ्याला कडक सलाम ठोकला. रस्त्यावरचे लोक बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी धाकट्याला पुन्हा बोलावलं. टेबलावर तीन डबे ओळीने मांडले. तो हसला. "ये तो बर्तन हैं साहब."

"हो. वाचा."

वाचलं. "बुजुर्ग आदमी थे. इज्जत के लिए भेज दिए."

मी पहिली यादी ठेवली. दुसरी ठेवली. "तुमच्या म्हणण्याप्रमाणे तोवर त्यांचे शेअर तुम्ही विकत घेतले होते. मग तुमच्याच सहीच्या कागदावर ते हिस्सेदार कसे?" तो वकिलाकडे बघू लागला. मी तिसरी यादी ठेवली. "आणि ही त्यांच्या पत्नीची. नवरा विकून मोकळा झाला म्हणता, मग बायको हिस्सेदार कुठून झाली? इज्जतीसाठीच नाव घालायचं, तर निवृत्त झालेल्या बाकीच्या मिस्त्र्यांना बुंदी का?"

वकील खिडकीबाहेर बघत होता. धाकट्याने पाणी मागितलं. लकव्यानंतरची तारीख टाकता येत नव्हती, कारण हात चालत नव्हता हे सगळ्या भनपुरीला माहीत. म्हणून त्याने आधीची टाकली, आणि मधल्या वर्षांत आपण स्वतःच कोणाला हिस्सेदार म्हणून डबे वाटले ते विसरला. ग्लास रिकामा व्हायच्या आत त्याने सही गिरवणाऱ्या कारकुनाचं नाव सांगितलं. मूळ शेअर त्याच्या ऑफिसच्या कपाटात मिळाले. चारशे वीस आणि चारशे सदुसष्टखाली, म्हणजे फसवणूक आणि खोटा दस्तऐवज यांचा गुन्हा नोंदला, अटक झाली. तो गुन्हा लिहिताना आमच्या मुन्शीचं अक्षर एवढं सुंदर आलं की मी त्याला तसं बोलूनही दाखवलं. "दीवानी मामला नहीं था, सर," तो म्हणाला. घ्या!

बँकेने कर्जाचा उरलेला पैसा थांबवला. धाकट्याच्या नावची नोंद रद्द होऊन आठ शेअर काकूंच्या नावावर चढले. पुढे न्यायालयात शिक्षाही झाली. पण मला खरा आनंद झाला तो कंपनीच्या पुढच्या सभेचा. तेव्हा निकाल यायचा होता, धाकटा जामिनावर होता, त्याचे शेहेचाळीस त्याच्याकडेच. पुन्हा तोच पेच, आणि मधल्या खुर्चीवर आठ शेअरवाल्या काकू, नऊवारी नेसून. एकाला सगळा नफा वाटून हवा होता, दुसऱ्याला सगळा भट्टीत. काकू म्हणाल्या, "पहिले दुसरी भट्टी लावा. उरन त्यातलं थोडं वाटा, दरसाल वाटा. कारखान्यावर कर्ज काढून वाटायचं नाही. अन् डबे चालू करा." हे मला थोरल्याने हसत हसत सांगितलं. दोन्ही भावांना मान्य करावं लागलं. काकूंच्या मताशिवाय कुणाचाच ठराव पास होत नव्हता.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. कंपनीने नफा वाटला किंवा अचानक कर्ज काढलं, असं पेपरात वाचलं की मी आता आकडा बघत नाही. मालकी कोणाकोणात कशी वाटली आहे आणि ती नुकतीच हलली का, ते बघतो. पैशाचा निर्णय तिथूनच निघतो. दुसरी गोष्ट, फिर्यादी बोलते ते सगळं लिहून घ्यावं, त्यात चिवड्याचा डबा आला तरी.

निकालानंतर मुद्देमाल परत द्यायचा होता. काकू मुलीला घेऊन आल्या. मी तिन्ही डबे टेबलावर ठेवले, सुपूर्दनामा, म्हणजे ताबापावती, पुढे केला. काकूंनी पेन मुलीच्या हातात दिला. "तू कर सही."

मुलीने सही केली. मग पहिला डबा उचलून ओढणीने पुसला. जप्तीची चिठ्ठी चिकटवलेली होती, ती नखाने खरवडून काढली. खाली बापाचं नाव होतं. एवढ्या दिवसांत तिच्या तोंडून मी मराठीचा एक शब्द ऐकला नव्हता.

"बाबानं नव्हते विकले," ती म्हणाली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. मग उरलेले दोन डबे पिशवीत घातले.