हिरवा दोरा, पांढरा दोरा

नाझलीचा फोटो चांगला आला की इन्शिराहच्या पोटात दुखायचं. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती, देवाला मात्र सांगितली होती. दिवसातून पाच वेळा त्याच्यापुढे उभं राहायचं, तर त्याच्यापासून लपवून करायचं काय?

इन्शिराह मुलींच्या शाळेत प्रयोगशाळेची मदतनीस होती. तीस वर्षं तिनं परीक्षानळ्या धुतल्या आणि आम्लाच्या बाटल्यांवर नजर ठेवली. नाझली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, लग्न न केलेली, उंच, आणि साठी उलटल्यावरही पाठीत न वाकलेली. दोघींनी कॅमेरे घेतले ते एकाच दिवशी, अत्तारीनच्या जुन्या बाजारात, एकाच हातगाडीवरून. धरणाच्या कामावर आलेले रशियन इंजिनियर परत जाताना जे विकून गेले, त्यातले दोन कॅमेरे. दोन्ही एका घडणीचे, विटेएवढे जड. गाडीवाला म्हणाला, "कोणता कुणाला?" इन्शिराह मोठेपणानं म्हणाली, "नाझली, आधी तू घे." त्या मोठेपणाचा तिला पुढे फार पश्चात्ताप झाला. नाझलीच्या कॅमेऱ्याची काच जास्त चांगली असणार, असं तिच्या मनानं घेतलं. शेवटी एकदा तिनं दुरुस्तीवाल्या बरसूमच्या दुकानात दोन्ही कॅमेरे उघडायला लावले. बरसूम तिला म्हणाला, "उम्म हिशाम, ह्या दोघी जुळ्या बहिणी आहेत. काचेत काडीचा फरक नाही."

म्हणजे फरक काचेमागच्या डोळ्यात होता. हे तर जास्तच वाईट झालं.

उस्ताज बरसूम अत्तारीनमध्ये फिल्म विकायचा आणि जुने कॅमेरे दुरुस्त करायचा. दुकान एवढंसं, पण गल्ल्यामागची भिंत मोठी. दर वर्षी छोट्या ईदनंतरच्या पहिल्या गुरुवारी जुन्या कॅमेऱ्याची सगळी मंडळी तिथे आपापले फोटो घेऊन जमायची. त्यांत एक पोस्टमन होता, एक दातांचा डॉक्टर होता, आणखी चारसहाजण होते. बरसूम त्यातला एकच फोटो निवडून भिंतीवर लावायचा. सोळा वर्षांत सोळा फोटो लागले. त्यातले अकरा नाझलीचे. इन्शिराहचा एकही नाही. त्यात बरसूम नाझलीला बाईसाहेब म्हणावं तसं 'नाझली हानम' म्हणायचा आणि हिला नुसतं 'उम्म हिशाम', हिशामची आई. मुलाच्या नावानं हाक मारणं हा मानच असतो, हे तिला कळत होतं. तरी ते हानम कानाला टोचायचं.

हिशामनं कुवेतहून तिला नवा कॅमेरा पाठवला होता. तो कपाटात, आपल्या खोक्यात, पडून होता. "त्यात फोटो लगेच दिसतो, आई," तो फोनवर म्हणायचा. "हो ना, तेच तर वाईट आहे," ती म्हणायची. नवा कॅमेरा रोखला की बाजारातली माणसं तोंड फिरवायची, नाहीतर केस सारखे करायची. हा जुना बघितला की हसायची. मासे विकणारी विचारायची, "मावशी, हे अजून चालतं?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा खवले काढायला लागायची. मग हवा तेवढा वेळ उभं राहा, कोण विचारतंय.

दोघींची आणखी एक रीत होती. काढलेला रोल लगेच धुवायचा नाही. ऑलिव्हच्या रिकाम्या डब्यात टाकायचा आणि वर्षभर विसरायचा. नाझली म्हणायची, "ताज्या फोटोवर आपला जीव असतो गं. ऊन किती छान होतं, त्या दिवशी चहा किती फक्कड होता, तेच सगळं आठवतं. वर्ष गेलं की फोटो परका होतो, मग खरा दिसतो." नाझलीच्या घरी पाण्याची बोंब, म्हणून डबा इन्शिराहकडे असायचा आणि रोल धुण्याचं कामही तिच्याकडे. समुद्राच्या खाऱ्या हवेत कागदाच्या चिठ्ठ्या गळून पडायच्या, शाई पसरायची. म्हणून रोलला दोरा बांधायचा, नाझलीचा हिरवा, हिचा पांढरा.

तरी दर वर्षी एखाददुसऱ्या रोलचा दोरा सुटून डब्याच्या तळाशी पडलेला असायचाच. तिथे मागच्या वर्षांचेही दोरे साठलेले, त्यामुळे रंगावरून काही कळायचं नाही. त्यावर इन्शिराहचा उपाय ठरलेला होता. रोल धुऊन झाला की उजेडाला धरून बघायचं. चांगला असेल तर नाझलीचा, बेताचा असेल तर आपला. ह्यात तिला कधी शंका आली नाही, आणि वर्षापूर्वीचं कुणालाच आठवत नसल्यानं नाझलीलाही नाही.

ह्या वर्षी ईद झाली, कहकची बिस्किटं संपत आली, आणि एका दुपारी तिनं न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावली. नवरा मितवल्ली बाहेरच्या खोलीत भिजवलेले तुर्मूसचे दाणे सोलून खात बसला होता. जन्मभर ट्राम चालवलेला माणूस, आता घर चालवायचं बघायचा.

"अंघोळीची आज सुट्टी का?" त्यानं विचारलं.

"अबू हिशाम, तुम्हाला अंघोळीची एवढी ओढ कधीपासून लागली?"

"मिळत नाही म्हटल्यावर लागली."

संध्याकाळपर्यंत सगळ्या पट्ट्या दोरीवर चिमट्यांना लटकल्या. एका रोलचा दोरा सुटला होता. इन्शिराहनं ती पट्टी खिडकीशी नेली आणि एका चौकटीवर तिची नजर थांबली.

समुद्राकाठच्या बहरी मोहल्ल्यातली गल्ली. नवरीचं सामान चाललेलं, हातगाडीवर आरशाचं कपाट, मागे बायका तोंडावर हात नेऊन आनंदाचा गजर करताहेत. कपाटाच्या आरशात गल्लीच्या टोकाचा समुद्र आलाय. आणि डोक्यावर भाकऱ्यांची फळी तोलत सायकलवरून जाणारा एकजण नेमका त्या आरशात सापडलाय. तो समुद्रावरूनच सायकल मारत चालल्यासारखा दिसतो, आणि त्याची एकही भाकरी हललेली नाही.

ते कपाट तिला आठवत होतं. दोघी तिथे होत्या. आपलं बोट उशिरा पडलं, असं तिला तेव्हाच वाटून हळहळ झाली होती. नाझलीचं बोट उशिरा पडत नाही. म्हणजे हा नाझलीचा. बारावा.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ही बाई करते तरी काय? त्याच गल्लीत, त्याच उन्हात, मी तिच्या कोपराला कोपर लावून उभी असते. मला कपाट दिसतं आणि हिला समुद्र दिसतो. हिला नवरा नाही, पोरं नाहीत, म्हणून डोळे रिकामे असतात, असंही तिच्या मनात आलं, आणि मग तिची तिलाच शरम वाटली. तरीही डब्याच्या तळाशी पडलेल्या दोऱ्यांतला एक पांढरा तिनं उचलला आणि त्या पट्टीच्या चिमट्याला बांधला. गाठ अगदी साधी होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मोठा प्रिंट काढला. मितवल्लीनं तो दोरीवर ओला बघितला आणि चष्मा शोधायला गेला. चष्मा लावून परत बघितला.

"हा तुझा?"

"मग कुणाचा?"

"नाही, विचारलं आपलं." त्यानं एक तुर्मूस तोंडात टाकला. "सायकलवाला पुरता आलाय फोटोत. तुझ्या फोटोत माणसं अर्धी असतात."

नमाजाची वेळ झाली होती. हातपाय धुवायला ती न्हाणीघरात गेली, तर पाण्याच्या तसराळ्यात दुसरा प्रिंट पडलेला, आणि नळाच्या धारेखाली तो सायकलवाला हळूहळू गोल फिरत होता. तिनं तीनदा तोंड धुतलं. नमाजात उभी राहिली आणि किती वेळा वाकली तेच विसरली. पुन्हा पहिल्यापासून केली. पुन्हा विसरली.

गुरुवारी बरसूमच्या दुकानात सगळे जमले. पुदिन्याचा चहा झाला. पोस्टमनचे फोटो बघून झाले, डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे मांजरं आणली होती. नाझलीनं सहा फोटो मांडले. चांगले होते, पण ह्या वर्षी त्यांत तो एक नव्हता. तो इन्शिराहच्या पाकिटात होता. तिनं काढला आणि गल्ल्यावर ठेवला.

बरसूमनं चहाचा पेला बाजूला केला. फोटो दिव्याखाली ओढला. मग वर बघून म्हणाला, "इन्शिराह हानम."

सोळा वर्षं ज्या शब्दासाठी जीव तुटला, तो आला, आणि ओल्या कपड्यासारखा अंगाला चिकटला.

नाझली फोटोवर वाकली. तिला बहुधा दुःख होईल, असं इन्शिराहला वाटलं होतं. खरं तर तेच बघायला ती आली होती. पण नाझलीनं तिचा हात धरला. "अगं, मी तिथेच होते," ती म्हणाली. "मला नुसते हमालाचे पाय दिसले. तुला हे दिसलं? आणि वर्षभर बोलली नाहीस? लबाड कुठली." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही खरं.

एवढं सोसणं इन्शिराहला जमण्यासारखं नव्हतं. नाझली जळली असती तर कदाचित जमलं असतं.

"तो तुझा आहे," ती म्हणाली.

"काय?"

"फोटो. दोरा सुटला होता. मी पांढरा बांधला."

पोस्टमननं पेला खाली ठेवला. डॉक्टर आपली मांजरं गोळा करायला लागले. नाझली तिच्याकडे बघत राहिली, हात मात्र सोडला नाही.

"दोरा सुटला होता, मग माझा कशावरून?"

"चांगला आहे म्हणून," इन्शिराह म्हणाली. "आणखी कशावरून असणार?"

बरसूमनं खाकरून घसा साफ केला. "पट्टी आणलीय का?" त्यानं विचारलं. तिनं पाकिटातून निगेटिव्हची पट्टी काढून दिली. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, पट्टी दिव्यापुढे धरली आणि चौकट चौकट करत पुढे सरकत गेला.

"नाझली हानमच्या कॅमेऱ्यात आतल्या चौकटीचा एक कोपरा घासलेला आहे," तो म्हणाला. "आधीच्या रशियनानं कानस मारली असेल. दोन्ही उघडले तेव्हाच बघितलं होतं मी. त्यांच्या प्रत्येक निगेटिव्हवर डाव्या कोपऱ्यात उंदरानं कुरतडल्यासारखी खूण येते. खूण बारीक, शिवाय प्रिंट काढताना कडा झाकल्या जातात, म्हणून तुम्हाला कधी दिसली नाही." त्यानं भिंग काढलं. "इथे कोपरे सगळे सरळ आहेत. हा रोल तुमचा आहे."

इन्शिराहला आनंद व्हायला हवा होता. तिनं फोटो पुन्हा बघितला. समुद्र जरा कललेला वाटला. आरशाची कड कापली गेली होती. आधी कशी दिसली नाही?

"आपलाच फोटो चोरला हिनं," मितवल्ली घरी ऐकल्यावर म्हणणार होता, आणि पुढचा महिनाभर म्हणतच राहणार होता.

पण त्याआधी दुकानात आणखी एक गोष्ट झाली. नाझलीनं हळूच विचारलं, "दोरे दर वर्षी सुटायचे?"

"एखाददुसरा."

"आणि तू काय करायचीस?"

इन्शिराहनं पट्टी उचलून पाकिटात सरकवली. उत्तर दोघींनाही कळलं. नाझलीची नजर गल्ल्यामागच्या भिंतीवर गेली आणि तिच्या अकरा फोटोंवरून एकेक करत फिरली. विसरलेलं सामान शोधताना माणूस खोलीत फिरतो तशी. पाठीत कधी न वाकणारी नाझली त्या दिवशी भिंतीला टेकून उभी राहिली.

बरसूम साधा माणूस. त्यानं भिंग कागदात गुंडाळून इन्शिराहच्या हातात दिलं. "जुन्या पट्ट्या तुमच्याकडेच आहेत ना? निवांत बघा. उगाच शंका कशाला ठेवायची?" भिंग पिशवीत जाताना नाझलीनं बघितलं.

शुक्रवारी सकाळी दोघी नेहमीसारख्या बहरीत भेटल्या. इन्शिराहच्या आधी येऊन नाझली पायरीवर बसलेली होती.

"बघितल्यास?" तिनं पहिलं तेच विचारलं.

"नाही."

"शपथ?"

"शपथ कशाला? पट्ट्यांचा डबा माळ्यावर आहे. मितवल्लीला चढवत नाही आणि मला उतरवत नाही."

नाझली हसली, पण तिचा विश्वास बसला नव्हता. इन्शिराहला त्याचा राग आला नाही. आपण तिच्या जागी असतो तर आपलाही बसला नसता. खरं म्हणजे आदल्या दिवशी दोनदा ती शिडीपर्यंत जाऊन परत आली होती. आणि नाझलीनं पायरीवरून उठताना पिशवीतला नवा रोल काढून दाखवला. त्याच्या डबीवर तिनं सुईनं आपलं पूर्ण नाव कोरून आणलं होतं.

दोघी गल्लीत शिरल्या. मासळीवाली पाणी मारत होती, एक म्हातारा खुर्ची उन्हात ओढत होता, वरून कुणीतरी दोरीला टोपली बांधून खाली सोडत होतं. इन्शिराह थांबली. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. शेजारून नेहमीचा खटका ऐकू येईल म्हणून ती थांबली, पण तो आला नाही. तिनं कॅमेरा खाली केला.

नाझलीचा कॅमेरा छातीवर तसाच लोंबत होता. ती टोपलीकडे बघत नव्हती, म्हाताऱ्याकडेही नाही. इन्शिराहच्या कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे, ते ती बघत होती, आणि मग तिकडे नजर नेऊन तिथे काय आहे ते शोधत होती.

ती नजर इन्शिराहनं लगेच ओळखली. इतकी वर्षं ती तिच्याच डोळ्यांत होती. दुसऱ्याच्या डोळ्यांत ती कशी दिसते, ते तिनं आज पहिल्यांदा बघितलं. मनाला फार बरं वाटलं. मग ती मनातल्या मनात देवाची क्षमा मागू लागली, पण जरा सावकाश.