मुंग्यांचे आतोबा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते माझ्या आतोबांचे. आणि आतोबांचं जगात सर्वांत जास्त प्रेम कोणावर असेल, तर मुंग्यांवर. आपला नंबर फार मागे लागतो, असं आत्याच सांगे. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिला. नामपूरहून बी.एस्सी.साठी नाशिकला आलो, तो मखमलाबादला त्यांच्याकडेच राहिलो. घरामागे त्यांचा झेंडूचा मळा होता, पण त्यांचं लक्ष मुंग्यांच्या रांगेवर. रांग पुढच्या दारातून जात असली, की आल्यागेल्याला मागच्या दाराने यावं लागे. एकदा तर त्यांच्या मुलीला बघायला आलेली मंडळी गोठ्याला वळसा घालून आत आली. "पाहुण्यांना डोळे हायेत, ते वळतील," आतोबा म्हणाले, "मुंगीला नुसता वास हाय." मुलीचं लग्न तिथंच जमलं, हे मात्र खरं.

आत्या गुळाच्या डब्याभोवती हळदीची रेघ ओढी, आणि तिची पाठ वळली की आतोबा बोटाने त्या रेघेला दार पाडत. आत्या फडकं घेऊन आली, तर तिला थांबवत. "गूळ संपू दे. संपला की परतणाऱ्या मुंग्या वास सोडत नाय. मग जुना वास उडून जातो, रस्ता आपोआप बंद."

"आणि गूळ माझा संपतो, त्याचं काय?" आत्या विचारी. आतोबा तोवर रांगेमागे निघालेले असत.

पहिल्याच वर्षी मी रसायनशास्त्रात नापास झालो. कांद्याचा हंगाम होता, घरी माणूस हवा होता, म्हणून वडील मला न्यायला आले. पिशवी भरून दारात ठेवली होती. मला पुन्हा परीक्षेला बसायचं होतं, पण वडिलांपुढे तोंड उघडेना. मी आशेने आतोबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याविषयी चकार शब्द काढला नाही. वडिलांना भिंतीपाशी बसवलं आणि रांगेतून ओलं बोट फिरवलं. मुंग्या दोन्हीकडे थबकल्या.

"बघा आप्पा, वास पुसला, आता ह्या बावरल्या. जरा हिंडतील, मग एखादी पार जाईल. पोटाचं टोक टेकवत जाते ती. मागच्या मुंग्या मिशांनी हुंगत येतात."

चहा निवला. वडिलांची एस.टी. गेली. रांग पुन्हा जुळली, तरी आतोबा बोलतच होते. शेवटी वडील उठले आणि माझी पिशवी आत नेऊन ठेवली.

"दाजी," ते म्हणाले, "याले लई जासू, ते तुमनं आयकाले कोन शे?"

मला नेलं तर आतोबांचं ऐकायला कोण उरणार, म्हणून ते मला ठेवून गेले. त्यांना दया माझी आली की आतोबांची, हे मी अजून विचारलेलं नाही. मी राहिलो, पास झालो आणि आता कळवणला प्राणिशास्त्र शिकवतो. आत्या गेल्यावर त्यांच्या मुलाने आतोबांना शहरात नवव्या मजल्यावर नेलं. तिथं फरशी रोज सुगंधी पाण्याने पुसतात. परवा फोनवर म्हणाले, "सगळं चांगलं हाय रे. पोरं लय करतात. मुंगी तेवढी नाय." मी त्याच संध्याकाळी पत्र टाकलं:

"ती. आतोबांस सा. नमस्कार. इकडे सर्व खुशाल. आमच्या स्वयंपाकघरात खिडकीतून काळ्या मुंग्यांची रांग लागली आहे. अंगणातल्या पेरूपर्यंत माग काढला, पुढे हरवतो. तुम्ही आल्याशिवाय तो लागायचा नाही. पुढच्या आठवड्यात घराला रंग द्यायचा आहे. रंगाऱ्याला ती भिंत शेवटी घ्यायला सांगितली आहे. तुम्ही येईपर्यंत तो थांबेल."