नातीची डिग्री अन् डब्यातले पैसे

मी बिदरकडल्या दुबलगुंडी गावची. चौथीपर्यंत शिकले. सही करता येती, तेवढंच. लेक बाळंतपणात गेली, जावयानं दुसरं लग्न केलं. नात चार दिवसाची होती, तवापासून माझ्यापाशी. मला मायच म्हणती. हुमनाबादला डाळीच्या मिलमधी मी तूर निवडायला जाते. खडे अन् काळे दाणे येगळे काढायचे. मान मोडती, पण बसून काम हाय.

बारावी झाल्यावर पोरगी म्हणली, "माय, मला गुलबर्ग्याला मानसशास्त्र शिकायचंय."

"ते काय आसतंय?"

"माणसाच्या मनाचं शास्त्र."

"त्याला कॉलेज कामून लागतंय? आमच्या मिलमधी ये. दिसभर बायका तेच बोलायल्यात."

लई हसली. पण मागं हटली न्हाई.

फी अन् होस्टेल मिळून वर्षाला ऐंशी हजार. बँकेचं कर्ज काढलं. तिच्या सहीखाली माझी सही. बँकेतली बाई कन्नडमधी म्हणली, "अज्जी, आत्ता काय भरायची गरज न्हाई. शिक्षण झाल्यावर सुरू करा." मला कन्नड चांगलं येतंय, सगळं समजलं. तरी चूक झालीच.

आमच्या गावात किराणा दुकानात सुगीपर्यंत उधारी चालती. "रास झाल्यावर द्या अक्का," म्हणला दुकानदार, की शंभराचं तेल नेलं तर सुगीला शंभरच द्यायचे. मधल्या महिन्यांचं कोणी धरत न्हाई. धरलं तर गाव नावं ठेवतंय. मी बँकेचं बी तसंच धरलं. पगारातून उरलं की पिठाच्या डब्यामागं एक डबा होता, त्यात टाकायची. तीन वर्षांत चाळीस हजार झाले. पोरगी पास झाली की एकदम हातात द्यावं, म्हणून तिला बी सांगितलं न्हाई.

ती पास झाली. पाच-सहा महिन्यांनी बँकेतून बोलावणं आलं. दोघी गेलो. तीच बाई. म्हणली, तीन लाख झालेत.

"दोन लाख चाळीस हजार घेतलेत की आम्ही."

"व्याज हाय अज्जी. पैले पैसे दिले त्या दिवसापासून."

"भरायचं न्हाई म्हणला होतात."

"गरज न्हाई म्हणले होते. भरले आसते तर घेतले आसते की."

खोटं बोलली न्हाई ती बाई.

बसमधी पोरीला डब्याचं सांगितलं. ती म्हणली, "वर्षाच्या वर्षाला भरले आसते तर यातलं थोडं तरी वाढलं नसतं माय." अन् खिडकीकडं तोंड केलं. चिडली आसती तर बरं वाटलं आसतं.

ऐतवारी ती कागद घेऊन बसली, मी सुपात तूर घेऊन. तिच्या कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं होतं, नुसत्या या डिग्रीवर कोणी पेशंटसमोर बसू देत न्हाई, आणखी दोन वर्षं शिकावं लागतंय. तिला तेच पायजे होतं. शिकून बिदरला दवाखान्यात काम करायचं, घरी ऱ्हायचं, हे तिनं बारावीतच ठरवलेलं.

मला कागदावरचं समजंना. मी दाणे मांडले. एक दाणा म्हणजे हजार. बेंगळूरला फोनवर गिऱ्हाइकाच्या तक्रारी ऐकायचं काम होतं, त्याचे अठरा दाणे. आठ खोलीला अन् जेवणाला, तीन जायला-यायला अन् वरखर्चाला, पाच हप्त्याला. दोन उरले. गुलबर्ग्याला शाळेत नऊ हजाराचं काम होतं. पाच हप्त्याला गेले, चार उरले. त्यात खोली घ्यावी का जेवावं?

"अन् शिकायचं म्हणलं तर?"

"त्यात येत कायच न्हाई माय. आणखी दोन लाख काढायचे."

त्या जागी मी दाणा ठेवलाच न्हाई.

"तू सांग," म्हणली.

मला म्हणायचं होतं, शिक. गुलबर्ग्याला तरी ऱ्हा, आठ दिवसाला तोंड दिसंल. तोंडातून निघालं, "बेंगळूरला जा."

"दोन वर्षं कमवते, मग शिकते."

"व्हय," म्हणले. सुपात उरलेले दोनच दाणे दोघींना बी दिसायलेते.

डब्यातले चाळीस हजार बँकेत भरले. ती गेली.

आता दुसरं वर्ष चालू हाय. मिलमधल्या बायका इचारतेत, "काय गं, तुझी डॉक्टरीण कवा यायली?" मी मान खाली घालून खडे काढते. ऐतवारी फोन येतो. म्हणती, "दिसभर लोकांचं ऐकून कान दुखायलेत माय." मग मी माझं काय बोलत न्हाई. जेवलीस का, एवढंच. घरात दुसरं कोणी बोलायला न्हाई. भाकरी दोनच करते, एक सकाळची एक संध्याकाळची.

पगार झाला की मी थेट बँकेत जाते. हजार, कवा पंधराशे. बाई म्हणती, "अज्जी, पोरगी भरायलीय की. तुम्ही कशाला?"

"गरज न्हाई ते ठाव हाय. घ्या."

मागल्या महिन्यात मीच इचारलं, माझ्या पैशानं किती फरक पडला. ती म्हणली, पाच हप्ते कमी होतेल. ऐतवारी पोरीला सांगितलं. या येळी लपवलं न्हाई.

ती म्हणली, "पाच?"

"व्हय. पाच म्हैने आदी सुटशील."

"माय, मी..." म्हणली, अन् पलीकडं कोणीतरी तिला हाक मारली. "थांब, परत करते," म्हणली अन् ठेवला.

मी फोन मांडीवर घेऊन बसले. दिवा लावायची येळ झाली, तरी बसलेच होते.