तांबी, गोळ्या आणि नवरेमंडळी

सिरसाळ्याजवळच्या उपकेंद्रात नर्स म्हणून मला अकरा वर्षं झाली. रजिस्टरात 'गोळ्या दिल्या', 'तांबी बसवली' एवढंच लिहायचं असतं. त्यामागं घरात जे चालतं, त्याला रकानाच नाही! मग ते डोक्यात साचत जातं, अन् कुणी चहाला बसलं की बाहेर पडतं.

*

कविता गोळ्या नेमानं घ्यायची. तरी दिवस राहिले. खोदून विचारलं तेव्हा कळलं, नवरात्रात सासूनं नऊ दिवस गोळ्या बंद केल्या होत्या. "उपासाला गोळी चालत न्हाई!"

मी म्हटलं, "मावशी, ही रोज घेतली तरच बाईचं बीज तयार होत नाही. अशी मधेच सोडली की संपलं. अन् तुमची बीपीची गोळी? तीपण बंद होती का?"

"ती कशी बंद करू? माझ्या जिवाचा सवाल हाय!"

*

नवीन लग्न झालेला एकजण बायकोला घेऊन आला. तिची पाळी पार विस्कटलेली. ह्यानं एकाच महिन्यात तीनदा तिला तातडीची गोळी खायला घातली होती!

"दादा, ती कधीतरी अडचणीला घ्यायची. रोजच्यासाठी निरोध वापरा, आजारही टळतात."

"मेडिकलवाला म्हणला, कायच होत न्हाई."

"त्याला पाळी येते का?"

*

एक नवरा तावातावानं आला. "तांबी काढा! ती वर चढून काळजात घुसती म्हणं!"

चित्र काढून दाखवलं. तांबी गर्भपिशवीत बसते, तांब्यानं पुरुषाचं बीज निकामी होतं. सुरुवातीला पाळीत जास्त जातं, पोटात कळ येते. क्वचित जागची सरकते, म्हणून तर दोरा तपासायला बोलावते. पण काळजात? छे!

"मंग हिची कंबर कावून दुखती?"

बायको पहिल्यांदाच बोलली, "हापशावरून बारा घागरी कोण आणतंय?"

*

शिबिराच्या उद्घाटनाला गावच्या पुढाऱ्यांचं भाषण झालं. "नसबंदीला पुरुषांनी पुढं आलं पायजे!" टाळ्या! मी लगेच फॉर्म पुढं केला. "भाऊ, पहिलं नाव तुमचं लिहू? पोट उघडायचं नाही, टाके नाहीत, थोड्या वेळात घरी. फक्त तीन महिने निरोध वापरायचा अन् तपासणी करून घ्यायची."

भाऊ गडबडले. "सिस्टर, आमाला साऱ्या गावाचं ओझं उचलावं लागतंय. अशक्तपणा आला तर?"

"ओझं त्या नसेनं उचलता व्हय?"

भाऊंना एकदम कुठली तरी मीटिंग आठवली!

*

त्याच शिबिरात रुक्मिणी आली होती. सव्वीस वर्षांची, तीन मुली, अंगात रक्त नव्हतं. शिबिराआधी दोन महिने औषध देऊन तिचं रक्त वाढवलं, तेव्हा कुठं डॉक्टर ऑपरेशनला तयार झाले. टेबलावरच्या बाबूनं फॉर्म परत केला. "नवऱ्याची सही?"

मी म्हटलं, "नियमात लागत नाही."

"नियम मलाबी ठाऊक हाय, सिस्टर. उद्या तो भांडायला आला म्हंजी?"

मी तोंड उघडणार, तोच रुक्मिणीनं टेबलावर दोन्ही हात ठेवले.

"साहेब, ह्या तिघी झाल्या, तवा माझी सही कुणी घेतलती?"

बाबूनं मान खाली घालून शाईचं पॅड तिच्याकडं सरकवलं.

"अंगठा नगं," ती म्हणाली. "पेन द्या."