सिमेंटवर सडा

ओल्या सिमेंटवर शेणाचा सडा घालणारी चामोर्शीतली पहिली सून मीच. आता या वयात कोण रागावणार, म्हणून सांगून टाकते.

सासऱ्यांची घराला लागूनच धानाची गिरणी होती. फाटकापासून गिरणीपर्यंतची सिमेंटची वाट बैलबंड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावांनी फुटली होती. डागडुजी करावी की सगळी उखडून नवी घालावी, यावर घरात रोज खल चाले.

मिस्त्री आला तो थेट पालथा पडला. वाटेला कान लावून थापीच्या मुठीने ठोकू लागला. छातीला कान लावणारे वैद्य तुम्ही पाहिले असतील. जमिनीला लावणारा गवंडी मी तेव्हाच पाहिला. मी फिदीफिदी हसले.

"हसा मंग बाई, पहिले आयकू द्या."

उठून सासऱ्यांना म्हणाला, "भाऊ, खालची जमीन मजबूत आहे. वरचंच फुटलं. काऊन उखडता? माझ्या हातची डागडुजी फुटली, तं या गावात थापी नाई धरणार."

सासऱ्यांनी मानलं. दोन दिवस गुडघ्यांवर बसून त्याने भेगा भरल्या, ओली पोती अंथरली आणि बजावलं, "आठ दिवस कोणी हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार. लक्ष्मी यायची आणि दारात मळकी पोती? मी पहाटेच ती उचलली, खराट्याने खसखसून झाडलं, सडा घातला, वर लक्ष्मीची पावलं काढली. खराट्याबरोबर सिमेंटही निघालेलं दिसलं, तेव्हा घाबरून पोती परत टाकली. अक्कल एवढीच.

पंधरवड्यात बंड्या आल्या आणि सगळ्या भेगा उघड्या पडल्या. सासऱ्यांनी चारचौघांत मिस्त्रीला विचारलं. त्याने एक ढेकूळ चुरलं, हुंगलं. क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"चूक माझीच, भाऊ."

मी पदर तोंडात कोंबून दाराआड उभी.

चांद्याहून ठेकेदार आला, वाट उखडली. खालची जमीन फोडताना त्याच्या पहारी वाकल्या. मिस्त्रीने मात्र गावात पुन्हा थापी धरली नाही. बिऱ्हाड उचलून गेला, चुन्याच्या भट्टीवर मजुरी करता करता खोकून खोकून वारला.

त्याची बायको माहेरी परतली, तेव्हा मी तिथे जाऊन सगळं कबूल केलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"त्याइले तवाच समजलं होतं बाई. घरी येऊन म्हणे, 'नवी पोरगी आहे, सासरी जनमभर बोल खाईल. मले का, दुसऱ्या गावी काम भेटन.' नाई भेटलं, बाई."