शिंदीच्या पानांचा भारा

खजुराच्या कुळात शिंदीइतकी वाकड्या स्वभावाची दुसरी जात नसावी. खजूर भरघोस गोड फळ देतो. शिंदी नखभर गर देते आणि त्यासाठी वीतभर काटे रोखून उभी राहते. आमच्याकडं लग्नातलं बाशिंग या शिंदीच्या पानांचं करतात. हल्ली बाजारात चमकीचं मिळतं, पण पुतणीच्या लग्नात थोरल्या वहिनींनी हट्ट धरला आणि मला वालूरच्या ओढ्यावर धाडलं. निघताना बजावलं, "भावजी, पानं जमिनीला टेकवायची न्हाईत. अपशकुन असतोय."

पानं तोडली, भारा बांधून खांद्यावर घेतला आणि साडूच्या मोटारसायकलवर मागं बसलो. देवगाव फाटा मागं पडला नि मानेला काहीतरी टोचलं. काटा असेल, म्हटलं. पण काटा टोचतो; काटा सरकत नाही. हा सरकला.

"गाडी थांबवा. भाऱ्यात कायतरी हलायलंय."

"वारं हाय, पाव्हणं."

"वाऱ्याला शेपूट असतंय का?"

साडूनं आरशात माझं तोंड पाहिलं आणि गाडी थांबवायच्या ऐवजी पळवली. भारा फेकावा तर पुतणीच्या संसाराला अपशकुन, न फेकावा तर माझ्या जिवाला. मला इतका घाम फुटला की मागच्या ट्रकवाल्यानं वायपर चालू केले.

घरी वहिनींनी पाट पुढं केला. भारा त्यावर ठेवून पान नि पान झाडलं. काहीच नाही. सगळा मांडव हसला.

"पाव्हण्यानं वड्यावरून भीतीच बांधून आणली," साडू म्हणाला.

मीही हसलो. तेवढ्यात पाठीच्या कण्यावरून गार बोट खाली उतरलं.

"वहिनी, सदऱ्यात हाय."

मांडव पापणी लवायच्या आत रिकामा झाला. वहिनी तेवढ्या राहिल्या. "हलू नका. श्वास बी हळू घ्या," म्हणत त्यांनी बाशिंगाच्या कात्रीनं सदरा मागून कापत नेला. गार कात्री कुठली नि तो कुठला, मला कळेना. त्या वेळी देवाला जे जे कबूल केलं, ते फेडायला सात जन्म पुरायचे नाहीत. शेवटी करंगळीएवढा, तांबूस पाठीचा साप खाली घरंगळला आणि खांबावरून सरसर मांडवाच्या छतात गेला.

"झाडावरचा हाय. इख नसतंय त्याला," ट्रॅक्टरवर चढलेला साडू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडताना सगळे नवरा-नवरीकडं बघत होते. मी छताच्या कापडाकडं. अल्बममध्ये माझा एकही फोटो सरळ तोंडाचा नाही.