ताईच्या पायांखाली

दवाखान्यात तिला सगळे वायरबाई म्हणत. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत बावीस वर्षं तिचं एकच काम होतं. ज्यांचं अंग आपोआप हलतं, त्यांना धातूच्या छोट्या चकत्या चिकटवायच्या, तारा जोडायच्या आणि स्नायूंचा संदेश पडद्यावर उमटवायचा. यंत्राला स्नायूंचा आवाज ऐकवणारा स्पीकरही होता. डॉक्टर मंडळी रेघा बघत, वायरबाई कान लावून बसे. हाताचे पुढचे-मागचे स्नायू आळीपाळीने वाजले की कंप एका जातीचा, दोन्ही एकदम वाजले की बहुधा दुसऱ्या. एकच तोकडा फटका आला की तो कंप नव्हेच, झटका. कधी ती रुग्णाला दुसऱ्या हाताने टेबलावर ताल धरायला लावी. थरथरणारा हात त्याच तालात जाऊन बसला, की हे दुखणं नसांतून नव्हे, मनाच्या वाटेने आलंय, हे ती डॉक्टरांच्या आधी ओळखे. वर नातेवाइकांना दटावत असे, "ढोंग म्हणायचं नाही हं, हाही आजारच आहे." या कानामुळे तिच्या डोक्यात थोडी हवा गेली होती. कुणाच्या जात नाही?

चार वर्षांपूर्वी तिची थोरली बहीण म्हणाली, "धाकटे, मी उभी राहिले ना, की खालून कुणीतरी फरशी हलवतं."

ताई लॉन्ड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री करायची. बसली की काही नाही, चालली की काही नाही. नुसती उभी राहिली की काही क्षणांत जमीन थरथरू लागे. बघणाऱ्याला मात्र काडीइतकंही दिसायचं नाही. वायरबाईने तिला खाटेवर निजवून पायांना तारा लावल्या. स्पीकर गप्प. "ताई, तुझ्या पायात काही नाही," असं तिने छातीठोकपणे सांगितलं आणि तसा कागदही करून दिला.

त्या कागदाने ताईचं वाटोळं केलं. भावोजी, ताईचे यजमान, तो घडी घालून पाकिटात बाळगत आणि विचारेल त्याला दाखवत. पायात काही नाही, म्हणजे डोक्यात आहे. हिशेब सोपा होता. इस्त्रीचं काम सुटलं. ताईने हट्टाने तीन घरं बदलायला लावली. प्रत्येक घरी आधी फरशीवर पाण्याची वाटी ठेवून ती पालथी पडून बघे. पाणी स्थिर असे. मग ती वाटीशेजारी उभी राही, आणि पाणी स्थिर असतानाच खालून थरथर सुरू होई. खालच्या मजल्यावर जाऊन तिने विचारलं, तुमच्याकडे कसलं यंत्र आहे का? तिथे एक म्हातारा एकटा राहत होता. त्याने दार लावून घेतलं ते पुन्हा उघडलं नाही. तिसऱ्या घराखाली तर मातीच होती. तिथे ती फरशीला कान लावून हळूच म्हणायची, "काय हवंय तुला?" स्वयंपाक करताना एका जागी पावलं मारत राहायची. भेटायला आलेली वायरबाई बाजूच्या खोलीतून हे ऐके. आपल्या बहिणीची तिला भीती वाटू लागली होती, आणि त्याची लाजही वाटत होती.

शेवटी भावोजींनी तिला वेड्यांच्या दवाखान्यात ठेवायचं ठरवलं. त्या लोकांनी पायांची ताजी तपासणी मागितली, म्हणून दुपारी तिकडे जाता जाता ते इथे आले. बाकावर ताईची बॅग होती, वर टूथब्रश डोकावत होता.

खोलीची पद्धत ठरलेली होती. पाय तपासायचे तर माणूस खाटेवर आडवा. उभ्या माणसाच्या पायात तारा अडकतात, चकत्या निघतात. वायरबाईने ही पद्धत कितीतरी नव्या मुलींना शिकवली होती. ताई आडवी झाली. पुन्हा तीच शांतता. वायरबाई डोळे पुसत कागद छापायला वळली. स्पीकर बंद करायचं राहून गेलं.

"आटपा लवकर," दारातून भावोजी म्हणाले.

ताई उठून उभी राहिली. तारा आखूड होत्या, त्यामुळे तिला नेहमीसारखी पावलं मारता येईनात. ती खिळून उभी राहिली.

स्पीकर काही क्षण गप्प होता. मग शेजारच्या खोलीत कुणी शिलाई मशीन चालवावं, तसा आवाज घुमू लागला. एकसारखा. सेकंदाला सोळा ठोके.

वायरबाईला आधी यंत्रच बिघडल्यासारखं वाटलं. "ताई, बस." आवाज थांबला. "ऊठ." काही क्षण काहीच नाही, आणि मग तो पुन्हा आला. पडद्यावर दोन्ही पायांच्या रेघा ठोक्याला ठोका मिळवून धावत होत्या. तिने गुडघे टेकून ताईच्या पोटरीवर तळहात ठेवला. वरून दगडासारखी स्थिर दिसणारी पोटरी आतून बारीक थरथरत होती.

"हा... हा कसला आवाज?" भावोजींनी विचारलं.

"तिचे पाय. जमीन नाही हलत, हिचे पाय हलतात. उभं राहिल्यावरच. भावोजी, हे डोक्याचं वेड नाही. यावर गोळ्या आहेत, पूर्ण जाईल असं नाही, पण उतार पडतो."

ताईला घाम फुटला होता. वायरबाईने खुर्ची पुढे केली. ताईने ती पायाने मागे सारली आणि खाटेची कड धरली. "थांब. ऐकू दे."

ती ऐकत उभी राहिली, गुडघे वाकेपर्यंत. मग बसली, आणि खोली पुन्हा मुकी झाली.

"तेव्हा मला उभं का नाही केलंस?"

वायरबाईजवळ उत्तर होतं. तारा, चकत्या, पद्धत. ते बाजूला ठेवून तिने त्या जुन्या कागदासाठी भावोजींपुढे हात केला. त्यांनी पाकिटातला चार वर्षांपूर्वीचा कागद काढून दिला. तिने तो टेबलावर सपाट केला आणि आपल्या सहीच्या वर लिहिलं : तपासणी फक्त झोपवून केली. उभं करून बघितलं नाही. चूक माझी.

ताईने तो वाचला आणि घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. बॅग भावोजींनी उचलली, घरी परत न्यायला. जाताना ताई बहिणीशी एक शब्दही बोलली नाही.